साडेसोळा हजार येन आणि तारलीएवढा मासा

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५
निशी-कासाई, तोक्यो

घरखर्चाच्या वहीत आजचा आकडा अजून चढलेला नाही. दुपारच्या एका जेवणाचे १६,५०० येन. पंधरा हजार जेवणाचे, वर दहा टक्के सेवाशुल्क. रुपयांत साधारण साडेनऊ हजार, आणि जेवणारा मी एकटाच. ही पक्की शाकाहारी, म्हणून वाचली.

तोक्योच्या महागड्या गिंझा भागातलं, आठ खुर्च्यांचं सुशीचं दुकान. पाटी इतकी लहान की मी दोनदा पुढे निघून गेलो. महिन्यापूर्वी जागा राखली तेव्हाच बजावलं होतं: आयत्या वेळी रद्द केलंत तर पूर्ण पैसे, आणि उग्र वासाचं काही लावून येऊ नका. अत्तर मी लावतच नाही, पण सकाळी हिला म्हटलं, आज उदबत्ती नको. त्यावरून अजून ऐकतोय.

ओमाकासे म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. काय खायचं ते सुशी वळणारा ठरवतो, आपण मुकाट्याने खायचं. मालवणी माणसाला हे नवं नाही, आईच्या ओट्यासमोर आम्ही हेच करत आलो. फक्त तिथे घासागणिक मासा बदलत नसे, आणि शेवटी कोणी बिल ठेवत नसे.

पहिल्या दोन घासांना मला फारसं काही वाटलं नाही. पांढरा मासा, छान, मऊ. मनात हिशेब सुरू झाला: बारा घास, म्हणजे एक घास तेराशे येनच्या पुढे. स्टेशनाजवळच्या फिरत्या पट्ट्याच्या दुकानात दोन घासांची ताटली सव्वाशेच्या आसपास मिळते. तिसऱ्या घासाला लक्षात आलं की सुशी समोर उलट्या कलाने येऊ लागली आहे. मी डावखुरा. त्या माणसाने ते पाहिलं होतं आणि एक शब्द न बोलता हात बदलला होता. इथे हिशेब थोडा ढासळला.

मग आला कोहादा. तारलीएवढा, चंदेरी, अंगावर बारीक ठिपके, काट्यांनी भरलेला. बाजारात याला कोणी मिरवत नाही. उन्हाळ्यात याचीच बोटभर पिल्लं येतात, शिन्को म्हणतात त्यांना, त्यांचे भाव मात्र विचारू नयेत. हा मासा कच्चा वाढत नाहीत. चिरून मीठ लावायचं, तेही घड्याळ बघून, कारण चरबी आणि आकार रोज वेगळा. मग धुऊन व्हिनेगरमध्ये, मग मुरायला ठेवायचा. मीठ मिनिटभर जास्त झालं तर खारवलेली मासळी, कमी झालं तर हिमसाण, माशाचा उग्र वास. सुशीवाल्याची परीक्षा कोहादावर होते असं इथले जुने लोक म्हणतात, ते आज कळलं. तोंडात आधी आंबट, मग खारट, आणि अगदी शेवटी माशाची स्वतःची चव, जणू ती मागे थांबली होती. आई बांगड्याला मीठ, हळद आणि आगळ चोळून झाकून ठेवते आणि कोणी झाकण उघडलं की ओरडते, "मुरांदे रे!" ती मिठाचं माप हाताने घेते, हा माणूस घड्याळाने घेतो.

भाताबद्दलही लिहून ठेवतो, कारण माशाच्या नादात तो विसरला जातो. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चोथ्यापासून वर्षानुवर्षं मुरवलेलं लाल व्हिनेगर असतं, त्याने भाताला फिकट तपकिरी झाक येते. भात अंगाइतका कोमट, आणि बोटांत धरताना सुटत नाही पण जिभेवर सुटतो. वासाबी, म्हणजे सुशीत घालायचा हिरवा तिखट कंद, समोर किसली, मुशीच्या जातीच्या माशाच्या खरबरीत कातड्यावर. तिचा वास काही मिनिटांत उडतो म्हणून आधी किसून ठेवत नाहीत. स्वस्त दुकानात वासाबी म्हणून जी हिरवी लगदी मिळते ती बरेचदा रंगवलेला वेगळाच तिखट कंद असतो. हा फरक मी इतकी वर्षं कल्पनेतला समजत होतो.

पुढे ओतोरो, उनी (काटेरी सागरी जीवाचा गर), इकुरा (सामन माशाची अंडी) एकामागोमाग एक आले, आणि सगळ्या काउंटरने फोन बाहेर काढले. शेजारच्याने उनीचे इतके फोटो घेतले की खालचा नोरी, समुद्री शेवाळाचा कागद, लोळागोळा झाला असणार. वळणाऱ्याने वर पाहिलं नाही, पण त्याचा जबडा आवळलेला मला दिसला. ओतोरो म्हणजे ट्यूनाच्या पोटाचं सर्वांत चरबीदार मांस. वाईट कसं असेल? लोण्यासारखं गेलं, आणि गेलं ते गेलंच, मागे काही राहिलं नाही. एदो काळात, म्हणजे तोक्योचं नाव एदो होतं तेव्हा, बर्फ नव्हता, हे मांस लवकर बिघडे, म्हणून टाकून देत. त्याला नाव होतं 'मांजरसुद्धा ओलांडून जाते ते'. आईचं मत उलट: कच्चा मासा फक्त मांजर खाते. २०१९ च्या जानेवारीत तोयोसू बाजारातल्या वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. त्यात माशापेक्षा जाहिरातच जास्त होती, हे उघड आहे. पण माझ्या पंधरा हजारांतही असाच एक भाग जाहिरातीचा होता. ते तीन घास काढून टाकले असते आणि पाच हजार कमी घेतले असते तर मी हसत दिले असते.

ही सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोच्या रस्त्यांवर उभ्याने खायची वस्तू होती. त्या काळचा वडापाव. घास आजच्यापेक्षा मोठे असत, घाईतल्या माणसाचं पोट भरायला. आज मी नव्या, वासाच्या लाकडाच्या फळीसमोर ताठ बसून तेच खात होतो.

शेवटी अनागो. आपल्या वामेचा भाऊबंद, शिजवून इतका मऊ केलेला की चॉपस्टिक्सने धरवेना. हाताने खा, असं वळणाऱ्याने खुणेनेच सांगितलं. मग अंड्याचा तुकडा, गरम चहा, आणि सव्वा तासात बाहेर. पुढची आठ माणसं दाराशी उभी होती. मला अजून दहा मिनिटं बसायचं होतं. एवढे पैसे दिल्यावर चहा तरी निवांत मिळायला हवा, हे माझं मत मी बदलणार नाही.

परत येताना तोझाई लाइनमध्ये मनात यादी करत होतो. कोहादा, अनागो, भात, आणि डाव्या हाताची दखल: पैसे वसूल. उरलेलं गिंझाचं भाडं. पुन्हा जाईन का? त्याच दुकानात नाही. पण आमच्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या दुकानात जाऊन फक्त कोहादा मागायचा, असं ठरवलं आहे.

घरी आल्यावर हिने विचारलं, "पोट भरलं?" भरलं होतं, पण रात्री वरण-भात दोनदा घेतला, ते तिने मोजलं. आत्ता वही तिच्या हातात आहे. बाहेरचं खाणं की करमणूक, यावर थोडा वाद झाला. तिने १६,५०० 'मासळी'च्या रकान्यात लिहिले आणि महिनाअखेरपर्यंत घरात मासा येणार नाही असं जाहीर केलं.