रानातलं अंगण

माझ्या टेबलावर एक अहवाल तीन आठवडे पडून आहे. 14 फोटो, प्रत्येकाखाली एक ओळ, एवढंच काम. 13 ओळी लिहून झाल्यात. सहाव्या फोटोखालची जागा कालपर्यंत कोरी होती.

मी वनरक्षक. खाली केळीच्या बागा संपतात आणि वर साग, अंजन, सालई, धावडा सुरू होतो, त्या सातपुड्याच्या पायथ्याला माझं बीट, म्हणजे माझ्याकडे नेमून दिलेला जंगलाचा तुकडा आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मी मूळचा अमळनेरकडचा, त्यामुळे अहिराणी घरचीच. इथल्या पावरा लोकांची पावरी मात्र सहा वर्षांत अर्धीमुर्धीच आली. आमचं काम लोकांना वाटतं तसलं नसतं. वाघ दिसत नाही, बंदूक मिळत नाही. थुटं, म्हणजे तोडलेल्या झाडांचे उरलेले बुंधे मोजायचे, चोरतोडीच्या थुटावर खात्याच्या शिक्क्याचा हातोडा मारायचा, गुन्हा नोंदवायचा, उन्हाळा लागायच्या आत वणवा अडवणाऱ्या जाळरेषा उरकायच्या आणि मग पाऊस येईपर्यंत वणव्यामागे पळायचं. भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 मला झोपेतही म्हणता येतं. राखीव वनात झाड तोडायचं नाही, जमीन फोडायची नाही, साफ करायची नाही. हे कलम लोकांना लावत फिरणाऱ्या माझ्यावरच जंगलात मोकळी जागा करायचं काम आलं.

कल्पना पाड्यावरच्या गुरुजींची. शाळेला दोन खोल्या, मैदान म्हणजे समोरचा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून केळीचे ट्रॅक्टर जातात. दप्तरमुक्त शनिवारी पोरांनी खेळायचं, चित्रं काढायची, हाताने काहीतरी बनवायचं, असं वरून आलेलं. पण कुठे, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. गुरुजींनी वन समितीच्या बैठकीत विषय काढला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वरिष्ठांना आवडलं. जरा जास्तच आवडलं. एकाने पेव्हर ब्लॉक सुचवले, एकाने सेल्फी पॉइंट, आणि एकजण सिमेंटच्या वाघावर अडून बसला. जिथे दोन डोंगर पलीकडे खरं अस्वल मोहाची फुलं खायला येतं, तिथे सिमेंटचा वाघ! नशीब माझं, की मंजूर झालेल्या पैशात वाघाचं शेपूटही आलं नसतं.

जागा मी शोधली, आणि तिचा मला अभिमान होता. होता, असंच म्हणतो. शाळेपासून चालत दहा मिनिटं, जवळजवळ सपाट, एका कडेला जुना मोह, पश्चिमेला अंजनांची ओळ म्हणजे दुपारची सावली. मधे एकही सागाचं थुट नाही. एक झाड न तोडता मोकळवण मिळत होतं. फक्त ते सगळं घाणेरीने भरलेलं होतं, डोक्याच्या वर.

घाणेरी म्हणजे टणटणी. 1809 मध्ये कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली, ती आता आमच्या उरावर बसली आहे. लोक ती विळ्याने कापतात आणि साफ झालं म्हणतात. कापली की दुप्पट फुटते. जाळली तर आणखी जोमाने. दिल्ली विद्यापीठाच्या प्राध्यापक सी. आर. बाबूंनी मांडलेली रीत आम्हाला प्रशिक्षणात शिकवली होती; ती मी पहिल्यांदाच मनासारखी वापरली. पाऊस पडून जमीन भिजली की झुडपाच्या बुडाशी बसायचं, माती सारायची आणि फुटवे येतात त्या गड्ड्याच्या खाली सोटमूळ कुदळीने तोडायचं. मग झाड उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. सुलटं ठेवलं तर ओल्या मातीत पुन्हा धरतं. सहा मजूर, मी, आणि जुलैचे सतरा दिवस. जाड काड्या ठेवून दिल्या. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरात त्यांची सोलून फर्निचरं करतात, आमच्या पोरांना निदान चौकटी जमल्या असत्या.

बाहेरच्याला न सुचणाऱ्या गोष्टी पुढेच. खाजकुहिली शेंग हिरवी असतानाच मुळासकट काढावी लागते. एकदा वाळली की तिची कुसं वाऱ्यावर उडतात आणि चाळीस पोरं एकदम अंग ओरबाडू लागतात. कुसळी गवत बी धरायच्या आत कापलं आणि त्या जागी मारवेल गवताचे ठोंब लावले. सालईच्या वाळक्या फांद्या उतरवल्या, कारण सालई वारा नसतानाही फांदी टाकते. कडेच्या बिब्ब्याला चुन्याचा पट्टा मारला. त्याचा काळा रस पाहून एखाद्या पोराला शाई सापडल्यासारखं वाटलं असतं आणि हातभर फोड आले असते. दगड हलवताना पलीकडची कड आपल्याकडे ओढायची, म्हणजे खाली फुरसं असलं तर ते पलीकडे निघतं. दोन निघाली.

दगडांवर येतो. घाणेरी निघाली तशी खालून दगडांची एक रांग उघडी पडली. गुडघाभर उंच, तीसेक पावलं लांब. मजुरांनी विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, खात्याचा जुना समतल दगडी बांध असेल. आमच्याकडे मृदसंधारणाची असली कामं डोंगरभर आहेत, निम्मी नोंदवहीत सापडत नाहीत. त्यातले बरे बसके 22 दगड पहारीने काढून मी गोल मांडले. मुलांना बसायला. बाकीचे लगोरीला आणि कडेच्या पायवाटेला गेले. आणि मोहापासून दहा पावलांवर, मुळांच्या जाळ्यात, जात्याची खालची तळी मिळाली, मधे खुंट्याचं भोक असलेली. ठेलारी मेंढ्या घेऊन जातात, त्यांनी टाकली असेल म्हणालो. दगड छान होता, रंग कालवायला ठेवून दिला.

हे लिहिताना मला माझाच राग येतो. खात्याचा बांध समतल रेषेवर चालतो. हा मोहाला वळसा घालून गेला होता. जिथे घाणेरी एवढी माजते, तिथे कधीतरी जमीन उघडी पडलेली असते, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. आणि साग-धावड्याच्या रानात बिनथुटाची सपाट जागा आपोआप कशी असेल? पण मला चांगली जागा मिळाली होती, आणि चांगली जागा मिळाली की माणूस प्रश्न विचारत नाही.

पहिला शनिवार फेब्रुवारीच्या शेवटी आला. पळस पेटला होता, होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार तोंडावर आले होते. साहेब साडेदहाला येणार होते, साडेबाराला आले, फीत कापली आणि गाडी चालू ठेवूनच फोटो काढून गेले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, निदान वाघाचा विषय तरी काढला नाही. पळसाची फुलं गुरुजींनी शाळेतच उकळून आणली होती, मी रानात चूल पेटवू देणार नव्हतो. त्यात चिमूटभर चुना टाकला की पिवळ्याचा केशरी होतो. हे मला एका पाचवीतल्या पोराने दाखवलं. गेरू नाल्यातला, काळा कोळशाचा, पांढरा तांदळाच्या पिठाचा. एका कोपऱ्यात केळीच्या सोपटाच्या दोऱ्या वळणं चालू होतं, तिथे मोठ्या मुली माझ्या गाठी सोडून पुन्हा बांधत होत्या, मला दिसू नये अशा बेताने. मधे विटीदांडू. दोन गलोली मी जप्त केल्या, त्यातली एक तासाभरात परत चोरीला गेली.

तिसरीतली एक मुलगी तळीजवळ बसली होती. खुंट्याच्या भोकात गेरू घोटून घोटून तिने लोण्यासारखा केला होता, बोट बुडवायची आणि पुठ्ठ्यावर ओढायची. विषय होता ‘आमचं रान’. बाकी सगळ्यांनी डोंगर, सूर्य, मोर. हिने मोह काढला, आमचाच, डावीकडची तुटकी फांदी सुद्धा. मोहाखाली झोपडी, दारात कोंबडी, आणि पुढे वळसा घेऊन गेलेली ठिपक्यांची रांग.

“हे काय गं?”

“बांध.”

“आणि घर कुणाचं?”

“आजीचं.” मग माझ्या बुटांकडे बोट दाखवून, “आठेच शे.”

मुलगी आठ वर्षांची. तिने हे घर पाहिलेलं असणं शक्य नाही. म्हणजे घरात कुणीतरी तिला ते इतक्या वेळा सांगितलं असणार, की फांदीसकट पाठ झालं.

दुपारी दोनला आजी आली. नातीसाठी भाकरी घेऊन आली होती, असं म्हणाली. पण खिचडी शाळेतून आलीच होती, हे तिला माहीत असणार. ती कडेला उभी राहिली. मी “या बसा मावशी” म्हटलं आणि एक दगड दाखवला. ती बसली नाही. एकेक दगड बघत गोल फिरली, जणू जनावरं मोजत होती. माझ्याशी पावरी टाकून बाजारातल्या अहिराणीत बोलली.

“हाऊ दगड मन्हा बांधना शे. हाऊ बी. हाऊ नालामाईन मी डोकावर आना व्हता.”

रागाने नाही. ओळख करून दिल्यासारखं. नवऱ्याने आणि तिने चार पावसाळे तो बांध रचला, पहिल्या वर्षी माती वाहून गेली, म्हणून मोहाला वळसा दिला. ज्वारी व्हायची, थोडी तूर. मग 2002 च्या पावसाळ्यात गाड्या आल्या. झोपडी पाडली, उभं पीक मोडलं, जातं अर्धं राहिलं. वरचा पाट तिच्याकडे अजून आहे.

त्या वर्षीचा मे महिना मला पुस्तकातून माहीत आहे. 3 मे 2002 ला दिल्लीच्या मंत्रालयाचं पत्र निघालं, नियमित करता न येणारी सगळी अतिक्रमणं 30 सप्टेंबरपर्यंत हटवा. मी तेव्हा नववीत होतो. हिच्यासारख्यांच्या जमिनीला आमच्या भाषेत नवाड म्हणतात, कागदात अतिक्रमण म्हणतात. मी स्वतः किती जणांवर गुन्हे नोंदवले ते इथे लिहीत नाही. त्यातले काही खरोखर लबाड होते. साग तोडून विकायचा आणि नंतर गरिबाला पुढे करायचं, असे लोक आहेत, आणि ते मीटिंगमध्ये सगळ्यात जोरात बोलतात. ही तशी नव्हती.

तिने वनहक्काचा दावा केला होता. नामंजूर झाला. पुरावा अपुरा. 2006 च्या वनहक्क कायद्यात तारीख आहे 13 डिसेंबर 2005, त्याआधीपासून ताबा हवा. आणि हिला तर तीन वर्षं आधीच उठवलेलं. बेकायदा उठवलेल्यांसाठी कलम 3 मध्ये वेगळी तरतूद आहे, पण ती गावात कुणी समजावून सांगितलेली मी पाहिली नाही. मीही नाही. मी दाव्यांच्या मोजणीला खात्याकडून जीपीएस घेऊन गेलो आहे, त्यामुळे या कायद्याच्या नियमांतला नियम 13 मला तोंडपाठ आहे. पुरावा म्हणून काय चालतं? घर, झोपडी, जमिनीची सपाटी, बांध. वडीलधाऱ्यांचा जबाब.

बांध. तो मी पहारीने उचलून गोल मांडला होता. झोपडीची जागा मी सपाट करून मारवेल लावलं होतं.

गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, “आपण चांगल्या कामासाठीच केलं ना.” गुरुजी भले माणूस आहेत, आणि या वाक्यावर त्यांची निम्मी नोकरी निघाली. पोरांना खरंच जागा मिळाली आहे, हेही खोटं नाही. दर शनिवारी चाळीस पोरं ओरडतात, ते मला खालच्या नाक्यापर्यंत ऐकू येतं.

आजीने एकच गोष्ट मागितली. तळी. मी म्हटलं, मी पोचवतो गाडीवर. नको म्हणाली. पदराची चुंबळ केली, मी आणि गुरुजींनी उचलून दिली, आणि ती निघाली. गेरू तसाच होता आत. चालताना तो कानामागून ओघळत गळ्यावर आला. नात मागे चित्र घेऊन.

मजुरांबरोबर पहिल्या दिवसापासून मी फोटो काढले होते, कामाची स्थिती म्हणून. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश सगळं वर छापलेलं. सहाव्या फोटोत घाणेरी अर्धी निघाली आहे आणि बांध पूर्ण दिसतो, मोहाला वळसा घेताना. त्या बांधाचा तेवढा एकच फोटो जगात असावा. तालुक्याला जाऊन त्याच्या दोन प्रती धुऊन आणल्या. एक अहवालात लावली. दुसरी कपाटात, हातोड्याखाली. वन समितीच्या अध्यक्षाला द्यायची की थेट तिच्या हातात, की आधी साहेबांना विचारायचं, हे तीन आठवडे चाललं आहे. विचारलं तर काय उत्तर येईल ते माहीत आहे, म्हणून विचारलेलं नाही.

काल फोटोखाली पेन्सिलने ‘दगडी बांध’ एवढंच लिहून मसुदा पुढे पाठवला. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. गाडीत होते, घाईत.

“सहा नंबरचं काय ते? बांध आपलाच आहे ना?”

“बघून सांगतो, साहेब,” म्हणालो.