आबांच्या कांद्याला पाणी नाकारलं

सिन्नरच्या बाजूला सूत रंगवणारा एक छोटा कारखाना आहे. सांडपाण्याचा लाल रंग जाईना म्हणून त्यांनी मला बोलावलं. आधीच्या सल्लागाराने तुरटीची पोतीच्या पोती ओतायला लावली होती. इथे वापरतात ते रिऍक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध धरणारे) पाण्यात इतके विरघळलेले असतात की तुरटी त्यांना धड धरत नाही. जारटेस्टमध्ये, म्हणजे बीकरमध्ये वेगवेगळ्या मात्रा घालून बघण्याच्या चाचणीत, हे लगेच दिसतं, पण त्यासाठी हात ओले करावे लागतात.

सहा बीकर मांडले. प्रत्येकात हिराकस (फेरस सल्फेट) वाढवत नेला, चुना कालवून पीएच साडेदहाच्या आसपास आणला, आधी जोरात, मग अगदी सावकाश ढवळलं आणि शेवटी पॉलीचे, म्हणजे गुठळ्या एकत्र धरणाऱ्या रसायनाचे, थेंब सोडले. चौथ्या बीकरमध्ये झकास गुठळ्या धरल्या, हिरवट-तपकिरी गाळ खाली बसला, वर कोरं पाणी. तीच मात्रा पुढे टाकीत बसवली. कापड कारखान्यांच्या सांडपाण्यासाठीच्या 2016 च्या मानकांत रंगाची मर्यादा 150 युनिट आहे, आम्ही तिच्या आत आलो. शेठनी ग्लास उजेडात धरून फोटो काढला आणि लगेच ग्रुपवर टाकला.

त्याच दुपारी शेजारचे आबा आले. मार्च महिना, विहीर तळाला गेलेली आणि उन्हाळ कांदा रानात उभा. एवढं स्वच्छ पाणी नाल्यात सोडण्यापेक्षा आम्हाला द्या, पाइप मी टाकतो, म्हणाले. शेठ एका पायावर तयार. नाल्याचं जुनं भांडण फुकटात मिटत होतं.

मी नाही म्हटलं.

"लाल व्हतं तव्हा नाल्यात सोडत व्हते, आता पांढरं झालं तं देत नाही म्हणता?"

आबांचं काय चुकलं होतं? रंग सुतावर चढावा म्हणून रंगवण्याच्या पाण्यात मीठ घालतात. शंभर किलो सुताला आठशे लिटर पाणी धरा, लिटरला 60 ग्रॅम मीठ, म्हणजे एका घाणीला (एका वेळच्या रंगाईला) 48 किलो. सुतात त्यातलं काहीच राहत नाही, सगळं सांडपाण्यात येतं. हिराकस-चुन्याने रंग खाली बसतो, मीठ जागचं हलत नाही. धुण्याचं पाणी मिसळूनही टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारं पेन लिटरला 7,000 मिलिग्रॅमच्या वर दाखवत होतं. मर्यादा 2,100 ची. कांदा खाराला फार हळवा, आणि सोडियम मुरत गेलं की काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट, पाणी न मुरणारी होते. शेठना हा आकडा मी आधीच सांगितला होता. "रंग गेला ना?" एवढंच ते म्हणाले होते. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक डोळ्यांनी पास करतं, तक्रार करणाराही डोळ्यांनीच करतो.

आबांना पटावं म्हणून स्टीलच्या ताटात ते पाणी ओतून उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताटाला पांढरी खपली. आबांनी नखाने खरवडून पाहिली. "मीठच हाय. पण साहेब, पाण्यावाचून तरी कांदा कुठं राहतोय?"

मग त्यांनी स्वतःच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणलं. पेन 1,400 वर थांबलं. शेठ म्हणाले, खडकाचं पाणी आहे, उन्हाळ्यात चढतंच. आबा म्हणाले, नाल्याचं मुरलंय. दोन्ही शक्य आहे. नाला लाल होता तेव्हा गावाने ढीगभर फोटो काढले, पण त्या विहिरीचा टीडीएस कोणी कधी मोजला नाही. त्यामुळे आज कोणाकडेच जुना आकडा नाही.

प्रत्येक घाणीचं पहिलं खारं पाणी वेगळ्या पाइपने काढून आटवा, असं शेठना लिहून दिलंय. ते अजून खर्चच विचारताहेत. दरम्यान नाल्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरी दर महिन्याला मोजून वहीत लिहायच्या असं आबा आणि मी ठरवलं. खालचे शेतकरी बाटल्या आणून देतात. वरच्या विहिरीचा मालक काही देत नाही. उद्या कोर्टकचेरी झाली तर आपणही अडकू, असं त्याला वाटतं. आणि कारखान्याचं पाणी जिच्याकडे वाहत नाही अशी नेमकी तीच विहीर तुलना करायला हवी आहे.