हवेत तरंगायला किती दिवस लागले?

रस्त्यावरचा जादूचा खेळ संपवून मी बॅग आवरत असलो की कुणीतरी हमखास मागे रेंगाळतं आणि हळूच विचारतं, "हवेत तरंगायला शिकायला किती दिवस लागले हो?" उभ्या उभ्या याचं धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज लिहितोय.

पाय उचलायला मी एका संध्याकाळी शिकलो. लोकांना कुठे उभं करायचं, हे शिकण्यात दोन वर्षं गेली.

रस्त्यावर मी जो प्रकार करतो तो एड बाल्डुची या जादूगाराच्या नावाने ओळखला जातो. 1974 साली तो छापूनही आला, त्यामुळे त्याबद्दल बोलायला मला संकोच वाटत नाही. लोकांकडे तिरकी पाठ करायची, टाचा जुळवायच्या, लांबच्या पायाच्या चवड्यावर सगळं वजन पेलायचं आणि लोकांकडचा पाय अख्खा उचलायचा. हा उचललेला पाय त्या चवड्याला झाकतो. उंची मिळते तीन-चार इंच, वेळ चार-पाच सेकंद. पोटऱ्यांत ताकद हवी, पँट घोळदार हवी आणि कोन अचूक हवा.

तो कोन पुण्यात मिळवणं महाकठीण. खेळ सुरू झाला की आपली माणसं कोंडाळं करतात, आणि कोंडाळ्यात हा प्रकार उघडा पडतो. म्हणून मी आधी भिंत शोधतो. उघडी बाजू भिंतीकडे ठेवायची आणि पत्त्यांचे दोन-तीन खेळ करत, बोलत बोलत माणसं हवी तिथे सरकवायची. त्यांना सरकवलंय हे त्यांना कळता कामा नये. माझ्या मते सगळी कला तिथेच आहे.

एकदा सारसबागेजवळ पाच-सहा वर्षांची एक मुलगी समोर फतकल मारून बसली होती. मी उतरल्यावर ती म्हणाली, "काका, तुमचा एक पाय खालीच होता." बरोबर होतं तिचं. मोठ्यांची नजर वरून येते, म्हणून पायाआड पाय लपतो. लहान मुलांची नजर बुटाच्या तळाखालून आरपार जाते. आरशासमोर वर्षभर सराव करूनही मला हे दिसलं नव्हतं, कारण आरशात मी माझ्याच उंचीवरून बघत होतो. त्या दिवसापासून मोबाइल जमिनीवर टेकवून चित्रण करतो. शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं.

रंगमंचाची गोष्ट वेगळी. तिथे भार यंत्र पेलतं, प्रेक्षक एकाच बाजूला असतात आणि प्रकाशही आपल्या हातात असतो. तिथे गोष्ट रचावी लागते. 1847 मध्ये पॅरिसला रॉबेर-हूदँ या जादूगाराने आपल्या मुलाला एका काठीवर कोपर टेकवून हवेत आडवं केलं. ईथर हुंगवून शस्त्रक्रिया करता येते, ही बातमी तेव्हा ताजी होती. ईथरनेच मुलगा हलका झाला, असं त्याने सांगितलं आणि थिएटरात खराखुरा ईथरचा वास सोडला. लोकांनी विश्वास ठेवला.

आपल्याकडे त्या जागी उदबत्तीचा वास असतो.

हे मला एका आजींमुळे कळलं. शनिवारवाड्यासमोर मी खाली उतरलो आणि त्या सरळ माझ्या पाया पडायला वाकल्या. "महाराज, नातवाचं तेवढं बघा," म्हणाल्या. मला घाम फुटला. चमत्काराचे असले दावे तपासण्यात आयुष्य घालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा याच शहरात, 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी, तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या पुलावर खून झाला. चमत्काराच्या नावाखाली लोकांना लुबाडणं गुन्हा ठरवणारा कायदा त्याच वर्षी झाला. त्या शहरात, त्या पुलाच्या इतक्या जवळ, एक बाई माझ्याकडे नातवाचं आजारपण घेऊन आली होती.

मी त्यांना उठवलं, म्हटलं, "आजी, ही निव्वळ युक्ती आहे. नातवाला डॉक्टरकडेच न्या." त्यांना ते पटेना. मग त्यांना भिंतीच्या बाजूला, जिथे मी कधीच कुणाला उभं करत नाही तिथे, उभं केलं आणि सावकाश पाय उचलला.

त्यांनी चवडा नीट न्याहाळला. मग पुन्हा आधीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता इथून दाखव बघू."