वेशभूषेतलं पोर्ट्रेट: चेहऱ्याचा उजेड वेगळा, कापडाचा वेगळा

साध्या कपड्यातल्या पोर्ट्रेटपेक्षा वेशभूषेतलं पोर्ट्रेट अवघड जातं, कारण चेहऱ्याला आणि कापडाला एकच उजेड मानवत नाही. त्वचेला मऊ, पसरलेला, समोरून येणारा उजेड शोभतो. भरतकाम, लेस, मखमलीची लव, चिलखतावरचं ठोक्याचं काम दिसायला मात्र तिरका उजेड लागतो. समोरून आला की सगळा पोत सपाट होतो. फोटोग्राफीच्या कार्यशाळेत बहुतेक जण आधी पार्श्वभूमी शोधतात आणि मॉडेलला तिथे नेऊन उभं करतात. आधी कपडा नीट बघावा, त्यावरून उजेड ठरवावा, मग जागा. पार्श्वभूमी शेवटी.

बाहेर सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे मोकळी सावली, म्हणजे ऊन थेट पडत नाही पण समोर बरंच आकाश दिसतं अशी. त्यातही डोक्यावर छत असलेली सावली सरस: व्हरांडा, कमान, मोठ्या दरवाजाचं तोंड. छतामुळे वरून येणारा उजेड अडतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडत नाहीत. मॉडेलला कडेपासून साधारण एक मीटर आत उभं करा. फार आत नेलं तर उजेड कमी होतो आणि डोळ्यातली चमक बारीक होत जाते.

आता मुख्य युक्ती. चेहरा उजेडाकडे ठेवा, पण खांदे आणि छाती उजेडापासून 45 ते 60 अंश वळवा. चेहऱ्याला समोरचा मऊ उजेड मिळतो आणि तोच उजेड छातीवरच्या भरतकामावरून घसरत जातो, त्यामुळे प्रत्येक टाक्याला स्वतःची सावली मिळते. मान वळल्यावर गळ्यावर वळ्या पडतात. कॉलर उंच असेल तर त्या झाकल्या जातात, नसेल तर वळण थोडं कमी करा.

झाडाखालची सावली दिसायला छान, पण फसवी. पानांतून उन्हाचे ठिपके गळतात, आणि एखादा ठिपका नेमका नाकावर बसतो. शिवाय पानं आणि गवत यांचा हिरवा रंग हनुवटीखाली चढतो. पांढऱ्या पोशाखावर तर तो लगेच दिसतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं रंगांचं संतुलन) बदलून हे जात नाही, कारण हिरवा रंग सगळ्या चित्रावर नसून फक्त खालच्या बाजूला असतो. पायाजवळच्या गवतावर, फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर किंवा पांढरा रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पडदा) अंथरा. लाल किंवा जांभळ्या झग्याचंही तसंच: उंच कॉलरवरून उडालेला लाल रंग जबड्यावर उतरतो. तिथे कॉलर दोन बोटं खाली दुमडणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

एक्सपोजरमध्ये, म्हणजे चित्रासाठी किती उजेड घ्यायचा ते ठरवताना, वेशभूषा कॅमेऱ्याला हमखास चकवते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर आलेलं सगळं मध्यम राखाडी मानतो. फ्रेमभर काळी मखमल असेल तर तो जास्त उजेड घेतो आणि चेहरा पांढराफटक करतो. पांढरा घोळदार झगा असेल तर चेहरा काळवंडतो. ढोबळ हिशेब असा की काळ्या पोशाखाला उणे 1 स्टॉप, पांढऱ्याला अधिक 1 (एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट, कमी झाला की निम्मा). पण मॉडेल वळली, फ्रेम बदलली की हा हिशेबही बदलतो. म्हणून मॅन्युअल मोड, म्हणजे सेटिंग आपण हाताने ठरवणं, बरा. चेहऱ्यापाशी राखाडी कार्ड धरून मोजमाप घ्या, सेटिंग तसंच ठेवा, आणि ढग सरकले किंवा जागा बदलली तरच पुन्हा मोजा.

गडद लाल कापडाबाबत एक खास सूचना. एकूण हिस्टोग्राम (चित्रातला उजेड-अंधार दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) सुरक्षित दिसत असतानाच लाल चॅनल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, उजव्या टोकाला जाऊन आदळलेला असतो. मग त्या कापडाच्या चुण्या नाहीशा होतात आणि लाल रंगाचा एकसंध पट्टा उरतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून बघा आणि गरज असेल तर अर्धा ते पाऊण स्टॉप कमी घ्या. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या चित्रात) चेहरा नंतर तेवढा सहज उजळता येतो.

चिलखत, मुकुट, टिकल्या या वस्तू स्वतःपेक्षा आजूबाजूचंच जास्त दाखवतात. फोटोग्राफरने भडक शर्ट घातला असेल तर तो छातीवरच्या पत्र्यात दिसणार; म्हणून कार्यशाळेला मळकट राखाडी किंवा काळे कपडे घालून जावं. साटन आणि चामड्यावरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते, बदल्यात दीड ते दोन स्टॉप उजेड जातो. धातूवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. धातूत काय दिसावं तेच बदलावं लागतं: एका बाजूला पांढरा पडदा, दुसऱ्या बाजूला काळं कापड धरलं की पत्र्याला गोलाई येते.

रुंद काठाची हॅट असेल तर डोळे अंधारात जातात. आधी हॅट किंचित मागे सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर पांढरा रिफ्लेक्टर कमरेच्या उंचीवर, मॉडेलपासून एक मीटरवर, वरच्या दिशेला कलता धरा. चंदेरी बाजू उन्हात वापरली की मॉडेल डोळे बारीक करते. खालचा उजेड वरच्यापेक्षा जास्त झाला तर चेहरा भुतासारखा दिसतो, तेव्हा रिफ्लेक्टर हळूहळू मागे न्या.

लेन्स 85 मिमी, फुल फ्रेमवर (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर). इथे अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) पूर्ण उघडायचा मोह आवरायला हवा. दीड मीटरवरून एफ 1.8 ला जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. डोळा स्पष्ट, मुकुट धूसर, छातीवरचं काम धूसर, म्हणजे वेशभूषा केली कशाला? दोन मीटरवरून एफ 4 ला ती खोली सुमारे 13 सेंटिमीटर होते. अर्ध्या उंचीच्या चित्राला हे पुरतं. शटर 1/250 सेकंद, झगा किंवा ओढणी उडवायची असेल तर 1/1000. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. थोडे दाणे चालतात, हललेली बुबुळं चालत नाहीत. बारीक जाळीच्या कापडावर कधी रंगीत लाटा उमटतात. पाऊलभर पुढेमागे झालं की बहुधा त्या जातात.

संध्याकाळचं ऊन पिसं, जाळी आणि पातळ ओढणीसाठी राखून ठेवा. सूर्य पाठीमागे घेतला की त्या कडा पेटतात, चेहरा मात्र दोन-तीन स्टॉप खाली जातो. समोरून मोठा पांढरा रिफ्लेक्टर लागतोच, आणि लेन्सवर हूड (बाजूचा उजेड अडवणारी कड). उजेड झपाट्याने उतरतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी एक्सपोजर तपासा.

गटाने फोटो काढताना सगळ्यात जास्त नुकसान करतात ते फोटोग्राफरच. सहा जण मॉडेलसमोर अर्धवर्तुळात उभे राहतात आणि ज्या बाजूने उजेड येतोय तीच बाजू बुजवतात. उजेडाच्या रेषेत मधोमध मोकळी वाट ठेवून दोन्ही बाजूंना उभं राहा. सूचना एकाच वेळी एकानेच द्याव्यात. दोघांनी दोनदा ‘इकडे बघ’ म्हटलं की नजर कुठेच टिकत नाही. कपडा, केसांचा टोप (विग), दागिना यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही; चुणी सरळ करायची असेल तर मॉडेलला किंवा तिच्या मदतनीसाला सांगा. जड पोशाखात सावलीतही घाम फुटतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी विश्रांती, पाणी, आणि कपाळ टिपायला कागद. पावडरचे थर चढवत बसू नये, तिरक्या उजेडात ते खडूसारखे दिसतात. टोपाची जाळीदार कडही याच उजेडात उघडी पडते, तेव्हा पहिल्याच फ्रेमला पडद्यावर मोठं करून कपाळाची रेषा बघा. त्याच वेळी मनगटी घड्याळ, खिशातल्या फोनचा फुगवटा आणि झग्याखालचे आजचे बूटही दिसतील.

ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवा. पोशाखाचा रंग बदलला की तो त्वचेचा रंगही बदलतो, आणि एकाच जागेवरची चित्रं नंतर जुळवता जुळवत नाहीत. सावलीत 7000 केल्विनच्या (उजेडाच्या रंगछटेचं माप) आसपास सुरुवात करा, आणि प्रत्येक नव्या जागी मॉडेलच्या हातात राखाडी कार्ड देऊन एक फ्रेम काढून ठेवा.