तुम्ही विचारलंत म्हणून: कार्पेटचा जोड गेला कुठे?

काम संपलं की हा प्रश्न येतोच. जोड कुठेच गेलेला नाही, मधेच आहे. रोल बहुतेक वेळा 12 फूट रुंद असतो, खोली त्याहून रुंद असली की दोन पट्टे जोडावेच लागतात. पूर्णपणे अदृश्य जोड मी कोणाला कबूल करत नाही, बाजूने कडक प्रकाश पडला की नीट बघणाऱ्याला रेघ सापडते, म्हणून जोड शक्यतो उजेडाच्या दिशेत घेतो आणि वर्दळीच्या वाटेपासून लांब ठेवतो.

पण तुम्हाला खरं विचारायचं असतं ते डिझाइनबद्दल. फुलाला फूल जुळतं कसं? तर ते आपोआप जुळत नाही, कारण एकाच रोलमधून कापलेल्या दोन पट्ट्यांतही डिझाइन थोडं लांब-आखूड निघतं, विणताना आणि मागचं अस्तर लावताना ताण कमीजास्त होतो, एका फुलामागे 2 मिलीमीटरचा फरक हाताला लागतसुद्धा नाही पण सहाव्या फुलाशी तो 12 झालेला असतो आणि तो लांबूनही दिसतो. मी एकदा आखूड पट्टा आधी पक्का करून बसलो होतो. दुसरा लांब निघाला, आणि कार्पेट ताणता येतं, दाबून आखूड करता येत नाही. सगळं उचललं. तेव्हापासून कापण्याआधी प्रत्येक पट्ट्याची बरीच फुलं एकत्र मोजतो, सगळ्यात लांब भरेल तो आधी बसवतो आणि बाकीचे स्ट्रेचरने, म्हणजे कार्पेट ताणायच्या अवजाराने, हळूहळू ताणत त्याच्याशी जुळवतो, इथे घाई केली की संपलं.

कापणं वेगळंच. लव, म्हणजे कार्पेटचे वरचे उभे धागे, बोटाने आणि टोच्याने बाजूला करायची, दोन ओळींमधली वाट शोधायची आणि त्या वाटेनेच ब्लेड न्यायचं, म्हणजे धाग्यांचे गुच्छ तुटत नाहीत. कडांना सीलर लावायचा, नाहीतर काही महिन्यांत धागे सुटायला लागतात. मग जोडाखाली गोंदाची टेप, तो गोंद वितळवायला त्यावर गरम इस्त्री, जास्त तापली तर अस्तर वाकतं आणि जोड कायमचा उंच दिसतो. लव दोन्हीकडे एकाच दिशेला हवी, उलटी गेली तर रंगच वेगळा वाटतो.

आणि हो, वाया जाणाऱ्या कार्पेटबद्दल. खोली 5.2 मीटर लांब, डिझाइन दर 90 सेंटीमीटरला परत येतं, तर मला 6 पूर्ण फुलं म्हणजे 5.4 मीटर लागतात, शिवाय कडेला छाटायला थोडं, आणि हे प्रत्येक पट्ट्याला. लोकांना हे जास्तीचं वाटतं, पण तेवढं कार्पेट वाचवायला गेलं तर जुळवायला हातात काहीच उरत नाही, आणि अशा मापावर मी काम घेत नाही.