नववीच्या वर्गात बिशपांचे इन्स्पेक्टर

इंग्लंडमधल्या कॅथलिक शाळेची तपासणी दोन वेगवेगळ्या बाजूंनी होते. एक ऑफस्टेड या सरकारी तपासणी खात्याची, ती सगळ्या सरकारी शाळांना असते. दुसरी बिशपांच्या वतीनं: शाळा कॅथलिक म्हणून कशी चालली आहे, हे बघायला. २००५ च्या शिक्षण कायद्याच्या ४८ व्या कलमात ती सांगितली आहे, म्हणून स्टाफरूममध्ये तिला नुसतं ‘सेक्शन फॉर्टी-एट’ म्हणतात. पूर्वी प्रत्येक धर्मप्रांत आपापल्या पद्धतीनं ती करायचा, २०२२ पासून देशभर एकच यंत्रणा आहे.

मी अशा एका शाळेत फिजिक्स शिकवते. मूळची सांगलीची, शिक्षण मराठी माध्यमात, धर्मानं हिंदू. हेडटीचर, डेप्युटी हेड आणि धर्मशिक्षणाचा विभागप्रमुख हे तिघं कॅथलिक असावे लागतात; बाकी जागांवर कुणीही चालतो, आणि फिजिक्सचे शिक्षक तर या देशाला कुठूनही मिळाले तरी हवेच आहेत. नेमणुकीच्या करारात एवढंच लिहून घेतात की शाळेच्या कॅथलिक स्वरूपाला बाधा येईल असं काही करणार नाही. मी सही केली तेव्हा मनात आलं होतं, माझा यांच्या धर्माशी संबंध येणार कधी? पहिल्याच आठवड्यात आला. मला फॉर्म ट्यूटर केलं, म्हणजे वर्गशिक्षिका. हजेरी, टाय नीट आहे का, मोबाईल बॅगेत आहे का, आणि प्रार्थना.

तर ३ डिसेंबर २०२४ च्या सकाळी प्रार्थनेला इन्स्पेक्टर माझ्याच वर्गात बसणार, असं आदल्या संध्याकाळी कळलं. हेड म्हणाले, “रोज करतेस तेच कर.” वरिष्ठांचं असं वाक्य ऐकलं की माझी झोप उडते.

रोज मी काय करते? मी क्रुसाची खूण करत नाही, हात जोडून उभी राहते. प्रार्थना मुलांपैकी कुणीतरी सांगतं, पाळी लावलेली असते. त्या मंगळवारची पाळी एका गोव्याच्या पोरानं आठवडाभर आधीच मागून घेतली होती. “मिस, त्या दिवशी आमच्या सायबाचं फेस्त असतं.” सायब म्हणजे साहेब, संत फ्रान्सिस झेवियर; फेस्त म्हणजे त्यांचा सण. १५५२ साली ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले, शरीर जुन्या गोव्यात आहे, आणि दर दहा वर्षांनी ते लोकांच्या दर्शनासाठी खाली उतरवतात. २०२४ हे नेमकं त्याचं वर्ष होतं. पोराचे आजी-आजोबा रांगेत उभे राहून आले होते आणि व्हॉट्सॲपवर आलेले फोटो सगळ्या वर्गानं पाहिले होते.

इन्स्पेक्टर बाई आल्या, मागच्या बाकावर बसल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरे केस, मांडीवर वही. टेबलावर आगमनकाळाचं, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचं, हिरवं कडं: चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी, मध्ये पांढरी. पहिला आठवडा म्हणून एकच लावायची. आगीच्या नियमांमुळे आमच्या मेणबत्त्या बॅटरीवर चालतात. जांभळीचं बटण दाबलं, लागली नाही. दुसऱ्यांदा दाबलं, लागली. पोरं हसली, बाईही हसल्या.

पोरगा उठला आणि झेवियरची गोष्ट सांगायला लागला. ठरल्याप्रमाणे जन्म, प्रवास, मिशन एवढंच सांगायचं होतं. पण पुढच्या बाकावरून प्रश्न आला, “म्हणजे बॉडी अजून आहे? पावणेपाचशे वर्षं?” मग काय, गाडी रुळावरून उतरली. एका पोर्तुगीज बाईनं दर्शनाला येऊन पायाचा अंगठा चावून तोडून नेला अशी गोष्ट सांगतात, ती त्यानं साभिनय सांगितली. एकजण म्हणाला, “डिस्गस्टिंग!” एका केरळी मुलीनं त्याला शांतपणे सुनावलं की त्यांच्या गावातही संताचं हाड जपून ठेवलेलं आहे आणि त्यात डिस्गस्टिंग काही नाही. मी घड्याळाकडे बघत होते. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या.

शेवटी सगळे उभे राहिले आणि त्यानं ‘आमच्या बापा’ सुरू केलं, पूर्ण कोंकणीतून, घरी म्हणतात त्या चालीत. वर्गातल्या बाकीच्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण हे कुठलं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटचं आमेन सगळ्यांचं एकदम आलं. त्या खोलीत शब्दन् शब्द समजणारी माणसं दोनच होती, तो आणि मी, आणि त्यातली एक कॅथलिक नव्हती.

पहिला तास मला मोकळा होता. बाई म्हणाल्या, चॅपलपर्यंत सोडता का? वाटेत भिंतीवर शाळेच्या इतिहासाचा फलक आहे: नन्सचे जुने फोटो, गडद गणवेशातल्या मुलींच्या रांगा, महायुद्धानंतर बांधलेल्या इमारतीच्या उद्घाटनाला आलेले बिशप. मी तिथून रोज जाते. बाई मात्र थांबल्या आणि एका रांगेवर बोट ठेवून म्हणाल्या, “माझी आजी अशाच एका शाळेत होती. आजोबा गोदीवर हमाल. आयर्लंडहून आलेले.”

इथं आपल्या वाचकांसाठी जरा थांबते, कारण सांगलीतल्या माझ्या डोक्यात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचं चित्रच वेगळं होतं. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे फी, पॉलिश केलेले बूट, फाडफाड इंग्रजी, डॉक्टर-वकिलांची पोरं. इंग्लंडमध्ये गोष्ट उलटी आहे. स्टोनीहर्स्टसारख्या श्रीमंतांच्या कॅथलिक शाळा इथंही आहेत, पण त्या मूठभर. बाकीच्या उभ्या राहिल्या त्या गरिबांसाठी, आणि त्याही अशा समाजाच्या, ज्यावर या देशाचा शतकानुशतकं विश्वास नव्हता.

एलिझाबेथ पहिलीच्या काळात राणीच्या, म्हणजे रोमपासून फुटलेल्या, चर्चला न जाणाऱ्या कॅथलिकाला दंड होता. १५८१ साली तो महिन्याला २० पौंड झाला, म्हणजे चांगला खातापिता माणूस बुडेल इतका. मुलांना कॅथलिक शिक्षण द्यायचं तर चोरून समुद्रापार पाठवायचं. स्टोनीहर्स्टची सुरुवातही १५९३ साली आताच्या फ्रान्समधल्या सेंत ओमेरला झाली ती याच कारणानं, दोनशे वर्षांनी ती शाळा लँकशरला आली. पुढे तर कॅथलिक माणसानं शाळा चालवली तर जन्मठेप, असा कायदाच होता. ती शिक्षा १७७८ साली गेली आणि १७९१ साली शाळा काढायची रीतसर मुभा मिळाली. त्यानंतर पन्नास-साठ वर्षांत आयर्लंडात बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, आणि लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडनच्या गोद्यांवर उपाशी आयरिश कुटुंबं उतरली. १८४७ साली कॅथलिकांनी गरिबांच्या शाळांसाठी समिती नेमली. १८५० साली देशात पुन्हा कॅथलिक धर्मप्रांतांचे बिशप आले, आणि दोन वर्षांनी त्यांची पहिली परिषद भरली तेव्हा त्यांनी ठरवलं की पैसे कमी आहेत, तर आधी शाळा बांधा. चर्च नंतर बघू. तोवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, शाळेच्याच खोलीत.

हा निर्णय मला फार आवडतो. देऊळ आधी की शाळा आधी, हा वाद आपल्या गावांनाही नवा नाही.

१९४४ च्या कायद्यानं या शाळांचं सरकारी व्यवस्थेतलं स्थान पक्कं केलं. पगार आणि रोजचा खर्च सरकारचा. प्रवेश, धर्मशिक्षण आणि नेमणुका चर्चच्या हातात. बदल्यात इमारतीचा निम्मा खर्च चर्चनं उभा करायचा. तो वाटा हळूहळू उतरत आता दहा टक्क्यांवर आला आहे. बाई सांगत होत्या, लहानपणी रविवारी चर्चच्या हॉलमध्ये बिंगो आणि लॉटरी चालायची ती शाळेच्या भिंतींसाठी. वडील खेळात कायम हरायचे आणि घरी येऊन म्हणायचे, एक वीट घातली.

आज इंग्लंडमधली साधारण दहातली एक सरकारी शाळा कॅथलिक आहे, फी नाही. आयरिशांची नातवंडं-पतवंडं आहेतच, पण २००४ नंतर पोलिश आले, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत केरळच्या आणि फिलिपिन्सच्या नर्सेस आल्या, नायजेरियन आले, पोर्तुगीज पासपोर्टावर गोवेकर आले, २०२२ नंतर युक्रेनची मुलं आली. माझ्या वर्गाची हजेरी घेणं ही जिभेची कसरत आहे. नवं कुटुंब या देशात उतरतं, घर भाड्यानं घेतं, चर्च शोधतं, आणि चर्चमागे शाळा असते.

सगळं गोड आहे असं मात्र नाही, आणि दुपारी बाईंनी स्टाफपैकी काहीजणांना गप्पांना बोलावलं तेव्हा मी ते बोलले. अर्ज जास्त आणि जागा कमी असल्या की बाप्तिस्म्याचा दाखला असलेलं मूल आधी घेतलं जातं; शाळेच्या फाटकासमोर राहणारं दुसऱ्या धर्माचं मूल बसनं लांबच्या शाळेत जातं. देशभरात या शाळांतली एक तृतीयांशाहून जास्त मुलं कॅथलिक नाहीत हे खरं, पण ते जिथं जागा उरतात तिथलं. प्रवेशाच्या वर्षी कुणाची भक्ती अचानक उफाळून येते, हेही सगळ्या फादरना माहीत असतं. माझं दुसरं रडगाणं वेळापत्रकाचं: दर पंधरवड्याच्या पन्नास तासांतले पाच धर्मशिक्षणाला, बिशपांचा नियम. त्यातला एक मला द्या, विजेची मंडलं नीट शिकवून दाखवते. दहावी-अकरावीच्या परीक्षेत दुसरा धर्म अभ्यासावा लागतो, तो बिशपांनी यहुदी धर्मच ठरवून दिलाय. म्हणजे मी या शाळेत आहे, माझा धर्म त्या प्रश्नपत्रिकेत नाही.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. एका वयस्कर सहकाऱ्यानं आपल्या शाळेतल्या ब्रदरांच्या पट्ट्याचा विषय काढला. सरकारी शाळांत १९८७ पर्यंत मारायला कायद्यानं परवानगी होती. मग अँपलफोर्थ आणि डाउनसाइड या नामांकित निवासी शाळांतल्या मुलांच्या लैंगिक छळावरचा २०१८ च्या चौकशी अहवालाचा विषय निघाला, आणि खोली गप्प झाली. बाई म्हणाल्या, “शाळेत शिरताना माझं ओळखपत्र कुणी तपासलं, हे मी त्या अहवालानंतर सगळ्यात आधी लिहिते.”

निघताना त्यांनी मला विचारलं, फिजिक्सच्या तासाला शाळेचा धर्म आड येतो का. नाही येत. बिग बँगची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, त्याचा फोटो माझ्या लॅबमध्ये आहे. तो मी लावलेला नाही, माझ्या आधीच्या शिक्षकानं लावला होता.

शाळा सुटल्यावर गोव्याचा पोरगा दाराशी आला. “मिस, अंगठ्याची गोष्ट सांगायला नको होती का?” मी म्हटलं, चांगली सांगितलीस. आणि मग, तो आमच्या गावी येण्याआधी स्विंडनला वाढला आहे म्हणून, मी त्याला थॉमस स्टीफन्स सांगितला. स्विंडनमध्ये आज हजारो गोवेकर आहेत. तिथून मोटारीनं अर्ध्या तासाच्या आत विल्टशरमधलं बुश्टन गाव आहे. तिथं १५४९ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा कॅथलिक राहायचं म्हणून देश सोडून रोमला गेला, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात शिरला आणि १५७९ साली गोव्याला पोचला. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज त्यालाच मानतात. तिथली भाषा शिकून त्यानं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, ते १६१६ साली छापून निघालं. त्यातली मराठीच्या स्तुतीची ओवी तुम्हाला शाळेपासून पाठ असेल. पोराला नव्हती, मी म्हणून दाखवली. त्याला निम्मी कळली आणि तो म्हणाला, “इंग्लिश माणूस? आमच्याकडे? उलट्या दिशेनं?”

दुसऱ्या दिवशी तो थेट धर्मशिक्षणाच्या विभागप्रमुखांकडे गेला. आमच्या शाळेची चार हाउसं हुतात्म्यांच्या नावांची आहेत: मोर, फिशर, कॅम्पियन, क्लिदरो. कॅम्पियनला १५८१ साली लंडनला टायबर्नवर फाशी देऊन शरीराचे तुकडे केले. मार्गरेट क्लिदरो ही यॉर्कच्या खाटकाची बायको. घरावर छापा पडला तेव्हा आत एक मास्तर मुलांना शिकवत होता, तो निसटला, ती सापडली, आणि १५८६ साली तिला वजनाखाली चिरडून मारलं. पोराचं म्हणणं, पाचवं हाउस स्टीफन्सचं करा. विभागप्रमुख हसून म्हणाले, त्याला कुणी मारलंच नाही. चाळीस वर्षं गोव्यात राहून १६१९ साली तो म्हातारा होऊन वारला. हुतात्म्यांच्या फलकावर त्याला कसं बसवायचं?

पण आठवीच्या अभ्यासक्रमात इंग्लंडच्या कॅथलिक इतिहासाचा एक भाग आहे, त्यात एक तास मोकळा करता येईल, असं त्यांनी मला कॉफीच्या रांगेत सांगितलं. माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, “ओव्या म्हणणारं शाळेत दुसरं कुणी नाही.” ईस्टरच्या आधी वर्कशीट हवी आहे. पंधरवड्यातला एक तास मी त्यांच्याकडे मागत होते; आता माझाच एक गेला.