मेणवलीचा वाडा भर उन्हाळ्यात बघा

वाईजवळच्या मेणवलीला येणारे बरेच जण नदीच्या घाटावर फोटो काढतात आणि पाचगणी गाठतात. वाड्याला निदान दोन तास द्या, आणि जमलं तर एप्रिल-मेच्या दुपारीच जा. नाना फडणवीसांचा हा वाडा कसा बांधलाय ते उन्हातच कळतं.

साताऱ्याहून येताना पाचवडला हायवे सोडायचा, पुण्याहून येताना सुरूरला. एसटीने वाई, पुढे तीनेक किलोमीटर रिक्षा. जेवण वाईतच उरकून घ्या.

हे गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळालं. मग कृष्णाकाठी वाडा, घाट आणि देवळं उभी राहिली. वाड्याला सहा चौक आहेत. वर मोकळं आकाश, चारी बाजूंना पडव्या. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि जाडजूड भिंती बाहेरची धग आत येऊ देत नाहीत. दुपारी दोनला पडवीतल्या भिंतीला हात लावला तर चक्क गार. दोन पावलांवर चौकात मात्र पाय ठेववत नव्हता. सावली कुठल्या ना कुठल्या पडवीत सापडतेच, तिच्याबरोबर आपणही जागा बदलत बसायचं. पंख्याशिवाय माणसं कशी राहत असतील, हा प्रश्न इथे पडतच नाही.

भिंतींवरच्या जुन्या रंगीत चित्रांसाठी डोळे अंधाराला सरावू द्या. फ्लॅश मारू नका, भिंतीला टेकू नका. एकदा रंग गेला की तो परत येणार नाही, याची मला खरंच काळजी वाटते. वाडा खासगी मालकीचा आहे, म्हणून बंद दार विचारल्याशिवाय ढकलू नये.

मागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. तिथली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हाची. जवळ जाऊन पाहिलं की तिच्यावर मेरी आणि बाळ येशू दिसतात, शिवाय १७०७ हे सालही. शिवमंदिराशेजारी ती इतकी वर्षं सुखाने टांगलेली आहे, हे मला फार आवडतं.

वर धोम धरण असल्याने घाटाचं पाणी कमीजास्त होतं. पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ धरतं, मुलं बरोबर असतील तर वरच्या पायऱ्यांवरच थांबा. परतताना वाईत ढोल्या गणपती आहेच.